स्टेज पडलं, मांडव नाही

मला हे लिहायला लावलंय. माझी इच्छा नव्हती, आधीच सांगून ठेवतो. वडाळे तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी आम्ही म्हातारे बसतो, तिथल्या मंडळाचा दिवाळीत एक अंक निघतो. त्यात दरवर्षी कुणाची चारधाम यात्रा, कुणाचं मधुमेहाचं पथ्य. यंदा सेक्रेटरी म्हणाले, "दामूशेठ, तुमचे मांडवाचे किस्से द्या." मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, लिहिणं म्हणजे मला दाताने बांबू फोडण्यासारखं आहे. तर म्हणे, "बोलता तसंच लिहा की!" मग बोलतो तसंच लिहितोय. नाही आवडलं तर पान उलटा, पुढे पथ्य असेलच.

किस्से काही कुणी जमवत नाही. मांडव सोडल्यावर खाली काय काय राहतं ते बघा एकदा. सुतळीचे तुकडे, वाकडे खिळे, बायकांचे गजरे. एकदा तर कवळी सापडली होती! आपण थोडंच ते टाकलेलं असतं? पण झाडायला आपणच. पनवेलपासून उरणपर्यंत लोकांच्या हळदीला, लग्नाला, सभेला जन्मभर मांडव घातले, त्याच्या तळाशी हे राहिलं.

आमची टोळी छोटी. मी मालक, म्हणजे टेम्पो माझ्या नावावर. बारक्या खाडीकाठचा कोळी, नाव बारक्या पण अंगाने दरवाजाएवढा. येसू डोंगरातल्या वाडीवरचा, त्याने मारलेली गाठ सुटत नाही, कापावी लागते. आणि लाऊडस्पीकरवाले सलीमभाई. ते आमचे नोकर नव्हेत, पण जिथे आमचा मांडव तिथे त्यांचा भोंगा.

किस्से ज्याचे, तो हिराशेठ. ग्रामपंचायतीपासून निघाला, जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर पोचला आणि तिथून थेट चौकशीत. पेपरवाल्यांनी त्याची चढण वरून बघितली. आम्ही खालून बघितली, कारण त्याच्या प्रत्येक स्टेजच्या फळ्या आम्ही ठोकल्या. आणि याच माणसाने भर सभेत माईकवरून मला चोर म्हटलं. त्याची माफी अजून आलेली नाही. ती आली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

*

हिराशेठ तेव्हा शेठ नव्हता, नुसता हिरा होता. वीटभट्टीवर मुकादम. पहिल्यांदा ग्रामपंचायतीला उभा राहिला तेव्हा स्टेज कसलं? शाळेची टेबलं जोडली, वर सतरंजी टाकली. त्यातलं एक टेबल लंगडं. म्हणून बारक्याला खाली बसवलं, टेबलाचा पाय धरून.

हिरा बोलायला उठला आणि त्याचे गुडघे असे कापायला लागले की टेबलं खडखड, खडखड! मागच्या लोकांना वाटलं, भाषणाला ढोलकी ठेवलीय. बारक्या खाली घामाघूम.

उतरल्या उतरल्या हिराने विचारलं, "बारक्या, कसा बोललो रे मी?"

"वरचं काय ऐकू आलं नाय. पण खालून पाय लय बोलत होते!"

त्या वर्षी हिरा निवडून आला. सगळे म्हणाले भाषणाने आला. आम्हाला माहीत होतं, बारक्याने पाय सोडला नाही म्हणून आला.

*

पद वाढलं तशी आमची फळी वर चढली. सदस्य होता तेव्हा स्टेज गुडघ्याएवढं, सभापती झाला तेव्हा कमरेएवढं. खुर्चीही बदलली. आधी प्लास्टिकची, मग गादीची, आणि मग सिंहाच्या मुंडक्यांचे हात असलेली, लाल मखमलीची. तशी खुर्ची माझ्याकडे एकच. हिराशेठ तिच्याशिवाय बसायचा नाही.

एकदा वरून मोठे साहेब यायचे होते. त्यांचा पीए आला, म्हणाला, "सिंहाची खुर्ची आमच्या साहेबांना." हिराशेठ म्हणाला, "पाव्हणे असतील ते. स्टेज माझं हाय." पीए इकडून डोळे वटारतोय, शेठ तिकडून. दोघांच्या मधे मी, खुर्ची धरून.

येसू आला. खुर्ची खांद्यावर घेतली, मांडवाच्या मागे गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. "पाय मोडला," म्हणाला. "कुणाचा?" पीए घाबरला. "खुर्चीचा."

मग काय, मोठे साहेब, हिराशेठ, झाडून सगळे पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि मथळा, "नेत्यांचा साधेपणा भावला!"

खुर्चीला काही झालं नव्हतं. येसू तिच्यावर बसून डबा खात होता.

*

हा छोटा आहे. एका गावात सभा ठेवली आणि त्याच संध्याकाळी गावात मोठी हळद. आमच्याकडे हळद असली की माणूस दुसरीकडे जातो का? आम्ही खुर्च्या लांब लांब मांडून मैदान भरल्यासारखं केलं, पण खुर्च्यांवर बसायला माणूस तर हवा!

हिराशेठने माईकवर हात ठेवून विचारलं, "सलीमभाई, आवाज लांबपर्यंत जातो ना?"

"माशाअल्ला शेठ, आवाज पार खाडीपलीकडे जातोय. तिकडून कुणी येत नाय, त्याला मी काय करू!"

*

येसूच्या वाडीला रस्ता नाही. म्हणजे कागदावर आहे, पायाखाली नाही. हिराशेठने त्या रस्त्याचं भूमिपूजन ठेवलं. डोंगराच्या पायथ्याला मांडव, नारळ, रिबीन बांधलेली कुदळ, वाडीवरच्या बायकांच्या हातात आरत्या. टाळ्या झाल्या, वडे खाल्ले, सगळे गेले.

पुढच्या वर्षी निवडणूक. पुन्हा निरोप आला, त्याच जागी मांडव घाला. तोच रस्ता, तेच पूजन, कुदळ तेवढी नवी.

कार्यक्रम आटोपला. आमची पद्धत अशी की बांबू उपटला की खड्डा आपण बुजवायचा, कुणाच्या गुरांचा पाय अडकू नये म्हणून. बारक्या माती लोटायला वाकला तर येसूने त्याचा हात धरला.

"राहू दे, बुजवू नको. पुढल्या टायमाला लागतील."

लागले की! तिसऱ्या पूजनाला आम्हाला एकही खड्डा खणावा लागला नाही.

*

आता तो दिवस. हिराशेठ जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसला, त्याचा सत्कार. स्टेज छातीएवढं उंच. मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, शेठ, वर खुर्च्या आहेत तेवढीच माणसं चढवायची, एक जास्त नाही. तो हो म्हणाला. सगळे आधी हो म्हणतात.

सत्कार सुरू झाला आणि जो तो वर. हार घेऊन एक, हारवाल्याचा मेव्हणा एक, मेव्हण्याचा फोटो काढणारा एक. फोटोत यायचं म्हणून मागचे पुढे, पुढचे कडेला. मी खालून ओरडतोय, "शेठ, उतरवा! फळ्या वाकल्या!"

शेठ वरून म्हणतो, "माझी माणसं हायत दामू, उतरवू कसं?"

मग ते बसलं. धाडकन नाही. ओहोटीला होडी चिखलात बसते ना, तसं हळूच, एका बाजूला कलून. सगळी पुढारी मंडळी एकमेकांच्या अंगावर. कुणाला काही लागलं नाही, देवाची कृपा. वर मांडवाचं कापड तसंच ताणलेलं, झालर हललीसुद्धा नाही. आमचा मांडव त्या दिवशीही पडला नव्हता, हे ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं!

पण सलीमभाईंचा माईक चालू होता. त्या ढिगातून हिराशेठचा आवाज आला आणि पार रस्त्यापर्यंत गेला, "हा मांडववाला चोर हाय! कुजकी लाकडं लावली त्याने!"

त्यानंतर आमचा टेम्पो दारात उभा. चिरनेरला माझी बहीण दिली आहे. तिच्या मुलीच्या लग्नाला मांडव दुसऱ्याचा. बहीण रडली, "दादा, सासरचे घाबरतात रे." मी गेलो लग्नाला. परक्या मांडवाखाली जेवायला बसलो आणि जेवणभर वर बघत राहिलो. गाठी ढिल्या होत्या.

*

बारक्याची अक्कल सांगतो. एका सकाळी तो मासळी घेऊन हिराशेठच्या बंगल्यावरून चालला होता. बघतो तर बाहेर पांढऱ्या गाड्यांची रांग, पोलीस, गेटवर गर्दी. याच्या डोक्यात प्रकाश पडला, शेठला आमदारकीचं टिकीट मिळालं! आता मांडव लागणार. आणि न सांगता पहिले पोचलो तर शेठचा राग जाईल, आमचं नाव धुवून निघेल.

मला न विचारता याने टेम्पो काढला.

मी पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्यांच्या रांगा, उन्हाला कनात आणि गेटवर आमची कमान, "हार्दिक स्वागत!" सलीमभाई "हॅलो, माईक चेक" म्हणत होते. गाड्यांतून उतरलेले साहेब लोक खोकी घेऊन त्याच कमानीखालून ये-जा करत होते. ती धाड होती!

त्यांचा मोठा साहेब बाहेर आला. तांबडालाल. "हे सगळं घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

बारक्या म्हणाला, "सांगायला कशाला पायजे साहेब? गर्दी दिसली की आमी येतो."

साहेबाने एकदा कमानीकडे बघितलं, एकदा उन्हाकडे. मग रुमालाने मान पुसली आणि हळूच विचारलं, "पंखा आहे का?"

*

चौकशीत वाडीच्या रस्त्याचा विषय निघाला. तीन पूजनं झाली, तीनदा कागदावर रस्ता पूर्ण दाखवला, आणि रस्ता नाही. मांडववाल्याला बोलवा, असं ठरलं.

जायच्या आधी हिराशेठ माझ्या घरी आला. ओटीवर बसला, पाणी प्यायला. म्हणाला, "दामू, तू एवढंच सांग, मांडव एकदाच घातला. मग मी सभा घेतो. माईकवर सांगतो की स्टेज पडलं त्यात तुझी चूक नव्हती. सगळ्यांसमोर सांगतो."

खोटं कशाला बोलू, माझं मन हललं. तेवढं एक वाक्य मला हवं होतं. बहिणीला ऐकवायचं होतं.

आमची बायको आतून चहा घेऊन आली. कप ठेवला आणि म्हणाली, "भावजी, माफी मागायला आलात का मासळी घ्यायला? घासाघीस कसली करताय?"

हिराशेठ चहा अर्धा टाकून गेला. तरी मला जेवण गोड लागेना. येसूला विचारलं, "काय करू रे?" तो बांबू सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्या वहिनीला वाडीवरनं झोळीतून खाली उतरवली, तवा एक टोक तुझ्या खांद्यावर होतं."

होतं. अडलेली बाई, पावसाने निसरडा झालेला डोंगर, आणि जिथे मी तीनदा मांडव घातला तिथपर्यंत तिला झोळीत आणली होती. बाई वाचली. पण तो उतार माझ्या खांद्याला माहीत आहे.

गेलो ऑफिसात. साहेबाने विचारलं, "एकाच रस्त्याच्या पूजनाला तीनदा मांडव घातलात?"

"घातला."

"रस्ता झालेला नाही, हे कशावरून सांगता?"

"झाला असता तर बांबू कुठे रोवला असता साहेब? डांबरात?"

"मग तुम्हाला संशय आला नाही?"

"संशय कशाला येईल? खात्रीच होती!"

"मग आधी का बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं? तुम्ही आज विचारलंत, मी आज सांगितलं."

बाहेर आलो तर बारक्या, येसू, सलीमभाई तिघे वडाच्या सावलीत बसलेले. मी म्हटलं, सांगून टाकलं. बारक्याने पाठीवर अशी थाप मारली की माझी टोपी उडाली. त्या दिवशी आम्ही चौघे मोकळा टेम्पो घेऊन घरी आलो, आणि मी तुम्हाला सांगतो, भरलेल्या टेम्पोतही मी कधी तसा ताठ बसलो नव्हतो.

*

हिराशेठचं पद गेलं, पक्षानेही काढलं. आत जाऊन जामिनावर आला. चौकशी अजून चालूच आहे.

गेल्या वैशाखात तो माझ्या दारात रिक्षातून उतरला. "पोरीचं लग्न हाय. मांडव पायजे."

मी म्हटलं, "पनवेलात मांडववाले लय आहेत."

"कोण देत नाय. उद्या आपल्यालाही बोलावतील, म्हणून घाबरतात." मग म्हणाला, "आणि पोरीच्या डोक्यावर काय पडायला नको. म्हणून तुझाच पायजे."

आतून बायकोचा आवाज आला, "ऐकलंत ना? हेच माईकवर बोलायला सांगा त्यांना."

मी म्हटलं, "हिरा, हेच माईकवर बोल."

"आधी मांडव तर घाल," म्हणाला.

घातला. आजवर घातला नव्हता असा घातला. पिवळी-पांढरी झालर, झेंडूची तोरणं, स्टेज कमरेएवढं आणि फळ्या दुहेरी. दुपारचा मुहूर्त होता. अक्षता पडल्या, वाजंत्री झाली आणि गर्दी सगळी जेवणाकडे वळली. हिराशेठच्या सत्काराला स्टेजवर चढून बसलेले सगळे चेहरे ताट घेऊन रांगेत. पण वर कुणी येईना. हिराशेठबरोबर फोटोत कोण दिसणार? आहेराची पाकिटं मुलीच्या आईच्या हातात खालच्या खाली द्यायची आणि जिलेबीकडे जायचं.

वर नवरा, नवरी आणि तो. फोटोवाला कॅमेरा पुसत बसलेला. मुलगी भरजरी शालूत, सारखी पायऱ्यांकडे बघत होती. व्याही घाम पुसत होते.

मी बारक्याला म्हटलं, "हात धुवा रे सगळ्यांनी."

आम्ही वर चढलो. पुढे मी आणि बायको. मागे बारक्या, त्याच्यामागे येसू, खांद्यावर सुतळीचं बंडल तसंच. सलीमभाई टोपी नीट करत आले. फोटोवाला म्हणाला, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हा, फॅमिलीचा फोटो आहे."

मुलगी म्हणाली, "नाय, त्यांना मधी घ्या."

बारक्याने फळीवर एकदा जोरात पाय आपटून बघितला. फळी जागची हलली नाही. मुलगी खुदकन हसली. फोटो निघाला.

आणि मग हिराशेठने सलीमभाईंकडे हात केला. माईक!

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं, भोंगा चालू केला आणि माईक त्याच्या हातात दिला. जेवणाची रांग थांबली. वाढपी हातात पळी धरून उभे. वरून एक विमान गेलं, त्याचा आवाज संपेपर्यंत हिराशेठ थांबला. माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. मी टोपी सरळ केली.

"जेवल्याबिगर कोणी जायचं नाय," तो म्हणाला, आणि माईक परत दिला.

आम्ही जेवलो. मग मांडव सोडला आणि सगळे खड्डे बुजवले.

सेक्रेटरी, एवढं अंकात नीट छापा: माफी अजून यायची आहे ती ज्याच्याकडून, त्याचं नाव हिराजी धाकू, उर्फ हिराशेठ.